कौंडण्यपूर परिसरातील स्त्रीजीवनाचा इतिहास

कौंडण्यपूर हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील वर्धा नदीकाठचे गाव. प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, अशी परंपरा असून गावाची मुख्य ओळख रुक्मिणीचे माहेर अशी आहे. वऱ्हाडातील स्त्रीजीवनाच्या इतिहासातही स्त्रीचे माहेराशी असलेले नाते वारंवार पुढे येते.

पुराणकथा व परंपरा

महाभारतात नलाने त्यागलेली दमयंती कुंडिनपुरास पित्याकडे परतते आणि तेथूनच पतीचा शोध चालवते. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणी शिशुपालाशी ठरलेला विवाह नाकारून श्रीकृष्णास निरोप पाठवते. या कथा राजकन्यांच्या आहेत. सामान्य स्त्रीच्या स्थितीचे अनुमान त्यांवरून काढता येत नाही. रुक्मिणीची पालखी आषाढीसाठी आजही येथून पंढरपूरला जाते. तिचा आरंभ परंपरेने १५९४ सालचा मानला जातो.

रिद्धपूर

ऐतिहासिक पुरावा जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळतो. पाचव्या शतकातील वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट तेथील आहे. पती दुसरा रुद्रसेन याच्या निधनानंतर तिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्य चालवले. आपल्या ताम्रपटांत ती पतीचे नव्हे, तर पित्याचे धारण गोत्र सांगते. विवाहानंतर स्त्रीचे गोत्र बदलण्याची रूढी तेव्हा सार्वत्रिक नव्हती, असे यावरून दिसते. तेराव्या शतकात रिद्धपुरातच महानुभाव पंथातील महदाइसेने रुक्मिणीच्या विवाहावर ‘धवळे’, म्हणजे लग्नगीते, रचली. ती आद्य मराठी कवयित्री मानली जाते.

आधुनिक काळ

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. सुरतेतील एका विधवेला झालेल्या शिक्षेनंतर उठलेली स्त्रीनिंदा हे त्याचे निमित्त होते. दोष केवळ स्त्रीच्याच माथी का, हा त्यांचा प्रश्न असून पतिव्रताधर्माच्या पौराणिक आदर्शांचीही त्यांनी गय केली नाही. जोतीराव फुले यांनी पुस्तकाची पाठराखण केली. पुढे ते विस्मृतीत गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणले.

जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या दलित वर्ग महिला परिषदेच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला आणि बहुपत्नीत्वाला विरोध केला.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला, परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद दूर केला. व्यवहारात मात्र विवाहित बहिणींकडून भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून घेण्याची पद्धत अद्याप आढळते.