कवटीपासून भाऊबीजेपर्यंत

गेल्या भाऊबीजेला पाट मांडले जात असताना परदेशातून आलेल्या नातवाने मला विचारले, "आजोबा, हे सगळे कझिनच ना?" मी म्हणालो, "छे रे! हा आतेभाऊ, तो मामेभाऊ, पलीकडचा मावसभाऊ." एवढी नावे कशाला, हे मात्र मला सांगता येईना.

उत्तर शोधीत मी इरावतीबाई कर्व्यांच्या ग्रंथांपाशी गेलो आणि मानवशास्त्राच्या चारही दालनांतून हिंडून आलो.

पहिले दालन शरीराचे. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाई बर्लिनला शिकावयास गेल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर. गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ, आणि त्याची खूण त्यांच्या कवटीच्या घडणीत सापडेल, असा त्यांचा ग्रह. बाईंनी कवट्या मोजल्या. डाव्याउजव्या बाजूंतील फरकाचा वंशाशी काही संबंध दिसेना. त्यांनी तसेच लिहिले आणि १९३० साली डॉक्टरेट मिळवली. तीनच वर्षांनी हिटलर सत्तेवर आला, फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, आणि वंशश्रेष्ठत्वाच्या त्या शास्त्राने पुढे लक्षावधींचा घात केला. परक्या मुलखात, गुरूच्या मताविरुद्ध जाऊन, पंचविशीतली ही मुलगी आपल्या मोजमापाशी प्रामाणिक राहिली, याचे मोल त्यावरून कळते.

दुसरे दालन मातीखालचे, पुरातत्त्वाचे. १९३९ साली बाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या. पुढे हसमुख सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणज येथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे त्यांनी अभ्यासले.

तिसरे दालन समाजाचे आणि चौथे भाषेचे. ही दोन्ही १९५३ सालच्या त्यांच्या आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात एकमेकांत उघडतात. उत्तरेकडे बहुतेक हिंदूंत मामेबहीण ही बहीणच. तिच्याशी लग्न निषिद्ध. आपल्याकडे कित्येक जातींत मामाची मुलगी बायको म्हणून चालते, आत्याची मात्र सहसा चालत नाही. म्हणजे मुलीच्या बाजूने पाहिले तर आतेभाऊ नवरा होऊ शकतो, मामेभाऊ नाही. जिथे व्यवहार वेगळा, तिथे शब्दही वेगळा हवाच!

कवटीत उच्चनीचता सापडली नाही. पण माणसे एकमेकांना काय म्हणतात, यात अख्खा समाज सापडला. यंदा नातू आला की त्याला पाटावर माझ्याशेजारी बसवून हेच सांगायचे ठरवले आहे.