जमीन कसेल त्याची, पण कसत कोण होतं?

सातबारा तुम्ही पाहिला असेलच. कर्ज काढताना, जमीन विकताना, नाहीतर भावाभावांत वाद झाल्यावर तरी. त्याच कागदातून एका शेतकरी जोडप्याचा इतिहास कसा शोधायचा, आणि शोधताना आपण कुठे फसतो, ते आज सांगते.

माझ्या पीएचडीचा विषय कल्याण तालुक्यातल्या शेतजमिनीचं पुढे काय झालं, हा आहे. त्यासाठी मी जुनी पीकपाहणी वाचते. कुठल्या सर्व्हे नंबरात भात होतं, कुठे गवत, कुठे वरकस. मूळची मी रसायनशास्त्राची, त्यामुळे माणसांच्या नावांचा रकाना मी आधी सोडूनच द्यायचे. मग मागच्या वर्षी आमच्या घरात हक्कसोडपत्राचा विषय निघाला. आंबिवलीजवळ आमची थोडी जमीन आहे, तिच्यावरचा हक्क बाबांच्या आत्याने सोडावा, असं बाकीच्यांचं म्हणणं. आत्याआजी एवढंच म्हणाली, "सही करीन. पण आधी माझ्या आईचं नाव त्या कागदांत कुठे आहे ते दाखवा." शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

तर आत्याआजीचे आईवडील, म्हणजे माझे पणजोबा-पणजी. दोघंही निरक्षर. फोटो एकच, तोही पणजोबांचा.

सुरुवात फेरफारापासून केली. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती तशी का झाली, हे गाव नमुना सहामधला फेरफार सांगतो. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफाराचे क्रमांक. एकेक आकडा धरून मागे मागे जात राहायचं.

आमची जमीन मूळची आमची नव्हती. मालक कल्याणात राहणारे, पणजोबा त्यांचे कूळ. 1948 च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो काही अपवाद सोडले तर तिचा मालक मानला गेला. मग कलम 32 ग खाली चौकशी होऊन किंमत ठरायची. साध्या कुळासाठी ती आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 20 ते 200 पट. ती हप्त्याने भरायची मुभा होती, पण हप्ते थकले तर खरेदी रद्द होऊ शकायची. पैसे पूर्ण भरले की 32 म चं प्रमाणपत्र. आमच्याकडे ते आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटलेलं. त्यावर नाव पणजोबांचं.

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. कुळाने जमीन कसली, कायदा झाला, कूळ मालक झाला. पण आत्याआजीशी बोलायला बसले आणि हिशोब जुळेना. पणजोबा त्या वर्षांत शेतावर फारसे नव्हतेच! ते कारखान्यात पाळीवर जायचे. कल्याणच्या आसपासच्या गावांत हे नवल नव्हतं. अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना होता, मोहने आणि शहाडला रेयॉनचे कारखाने आले. पुरुष पाळीवर आणि भातशेती घरात, म्हणजे बाईकडे.

उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत पसरून राब भाजायचा. मृगात पेरायचं, आवण वीतभर झालं की उपटून चिखलात लावणी. नंतर बेणणी, दसऱ्यानंतर कापणी, मग खळ्यावर झोडणी. नांगरापुरते पणजोबा रजा काढायचे. बाकी सगळं पणजी आणि तिच्या दोन जावा. जमिनीचे हप्तेही नुसत्या पगारातून गेले नाहीत. गवताचे भारे आणि भेंडी-काकडी डोक्यावर घेऊन पणजी कल्याणच्या बाजारात जायची. आत्याआजी तिचा पदर धरून मागे. पावत्या मात्र साहजिकच पणजोबांच्या नावावर फाटल्या.

मग पीकपाहणीत कसणारा म्हणून पणजोबांचं नाव आलं, ते खोटं होतं का? नाही. हे मला फार उशिरा कळलं. कायद्यातली 'जातीने कसणे' याची व्याख्याच अशी आहे की स्वतःच्या श्रमाने किंवा कुटुंबातल्या कोणाच्याही श्रमाने कसलं, तरी ते जातीने कसणंच. ही व्याख्या कुळाच्या सोयीची होती. ती नसती तर कारखान्यात जाणाऱ्या कित्येक कुळांची जमीन अडचणीत आली असती. पण त्याच वाक्याने पणजीचे श्रम कायद्याच्या लेखी पणजोबांचे झाले. जमीन तिच्या कामामुळे टिकली आणि त्याच कारणाने तिच्या नावाची गरज उरली नाही.

प्रयोगशाळेत आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवतात. उपकरणाने शून्य दाखवलं तर पदार्थ नाही असं लिहायचं नसतं. ह्या उपकरणाला तो दिसला नाही, असं लिहायचं. सातबारा हे सारा वसुलीसाठी बनवलेलं उपकरण आहे. सारा कोणाकडून घ्यायचा तेवढं त्याला दिसतं. थोरल्या भावाच्या नावामागे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असं लिहिलं की धाकटे भाऊसुद्धा दिसेनासे होतात. बायकांची तर गोष्टच सोडा.

म्हणून दुसरी साधनं लागतात. एक, कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद. पण त्यात बाईचा जन्म शोधायचा तर तिच्या माहेरच्या गावात जावं लागतं, आणि माहेर कुठलं हे आधी कोणाला तरी विचारावं लागतं. दोन, आठवणी. जुनी माणसं साल सांगत नाहीत, पण खूण सांगतात. "थोरला झाला तेव्हा नेवाळीला विमानांचं काम चाललेलं" म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची वर्षं, कारण तिथली धावपट्टी त्याच काळातली. "मधली झाली तेव्हा रेफ्युजी आले" म्हणजे 1947-48, कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि पुढे तिथे उल्हासनगर झालं. अशा खुणांवरून पणजीच्या मुलांची क्रमवारी लागली, आणि त्यावरून तिच्या लग्नाचा अंदाज आला.

शेवटी पणजीचं नाव सापडलं. पणजोबा गेल्यानंतरच्या वारस फेरफारात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे, मुली सगळे पहिल्या वर्गाचे वारस. पण सातबाऱ्यावर मुलगे कब्जेदार सदरी आणि पणजी व मुली 'इतर हक्कात'. तिच्या नावापुढे एकच शब्द, 'विधवा'. काही वर्षांनी ती गेली आणि ते नाव कंसात गेलं. सगळ्या कागदांत मिळून एवढंच.

मी तो फेरफार आत्याआजीला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग आईचं माहेरचं नाव सांगितलं, लग्नात बदललं त्याच्या आधीचं. घरात ते कोणालाच माहीत नव्हतं. ते आता मी वंशावळीत लिहिलंय, माहेरच्या गावासकट.

हक्कसोडपत्र तसंच कपाटात आहे. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. आमच्या जमिनीला यातलं नक्की काय लागू होतं, ते वकील बघताहेत. पण आता सही मागायला जाणाऱ्याला आधी राब कोण भाजायचं, हे ऐकून घ्यावं लागतं.

तुमच्या घरीही असा एखादा उतारा असेल. तो काढाच. फक्त त्याच्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि तिच्या आईचं माहेरचं नाव विचारून घ्या. उतारा पुढच्या वर्षीही मिळेल.