दोन कला, एकच आश्रयदाता

बुद्धिबळातील ग्रँडमास्टर आणि मैफलीचा पियानोवादक ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र आल्याचे विसाव्या शतकातील ठळक उदाहरण म्हणजे मार्क ताइमानोव (१९२६–२०१६) होत. या दुर्मिळ योगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न निराळा आहे. दोन कला अवगत असलेला मनुष्य एकीत अपयश आले असता दुसरीच्या आधारे उभा राहू शकतो काय?

ताइमानोव यांचा जन्म खारकोव येथला. वाढले ते लेनिनग्राडमध्ये. बालपणी त्यांनी एका सोव्हिएत चित्रपटात व्हायोलिन वाजविणाऱ्या मुलाची भूमिका केली. पुढे तेथील बालभवनात बोत्विन्निक यांच्याकडून बुद्धिबळाचे आणि लेनिनग्राडच्या संगीत विद्यालयात पियानोचे शिक्षण त्यांना मिळाले. १९५२ साली ते ग्रँडमास्टर झाले. १९५६ साली सोव्हिएत संघाचे अजिंक्यपद त्यांनी मिळविले. ल्युबोव ब्रुक या पत्नीसमवेत दोन पियानोंवर केलेले त्यांचे वादनही तितकेच नावाजले गेले. एका कलेचा शीण ते दुसरीत घालवीत.

१९७१ साली व्हँकुव्हर येथे बॉबी फिशर यांनी त्यांचा ६–० असा पराभव केला. परतीच्या वाटेवर जकात अधिकाऱ्यांना त्यांच्या सामानात सोल्झेनित्सिन यांचे पुस्तक सापडले. त्यांचा क्रीडासन्मान काढून घेण्यात आला, मानधन थांबले, परदेशगमन बंद झाले आणि मैफलींवरही बंदी आली. पराभव पटावरचा, शिक्षा मात्र पियानोलाही झाली! त्याच वर्षी लार्सन यांच्यासारखा डॅनिश ग्रँडमास्टरही फिशरकडून ६–० असाच हरला, तेव्हा ताइमानोव यांचा पराभव हेतुपुरस्सर होता हा संशय टिकण्याजोगा राहिला नाही. कालांतराने निर्बंध सैल झाले.

येथे आपल्याकडील एक दाखला उद्बोधक ठरेल. अल्लादियाखाँ हे कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयास होते. १९२२ साली महाराज निवर्तले, तेव्हा खाँसाहेबांना मुंबईची वाट मोकळी होती. तेथे निराळे रसिक व निराळे शिष्य होते. आश्रयदाते अनेक असल्याने एकाचे छत्र गेले तरी गायकी निराधार झाली नाही. ताइमानोव यांच्या कला दोन, परंतु पटाचा आणि रंगमंचाचा धनी एकच, म्हणजे राज्यसंस्था, होता. म्हणून एक दार बंद होताच दुसरेही बंद झाले.

१९९३ व १९९४ साली त्यांनी ज्येष्ठांचे जागतिक अजिंक्यपद जिंकले. विसाव्या शतकातील थोर पियानोवादकांच्या ध्वनिमुद्रणांची जी मालिका शतकाच्या अखेरीस निघाली, तीत ब्रुक–ताइमानोव या जोडीस स्थान मिळाले. यावरून त्यांचे गुण अबाधित होते, हे उघड आहे. तेव्हा कलावंताचे स्वातंत्र्य मोजावयाचे झाल्यास त्याला किती कला येतात हे पाहून भागत नाही; त्याच्यापुढे किती दारे आहेत, हेही पाहावे लागते.