सोळा नंबरची लाइन

पुढचा घटनाक्रम सर्व्हरच्या लॉगमधल्या वेळांवरून लावला आहे. जागा बंगळूरचं के. आर. पुरम. केबलच्या पुलापासून जवळच एक छोटी कंपनी आहे. आसपासच्या पॅथॉलॉजी लॅबचे अहवाल तिच्या सर्व्हरवर साठतात. ४ टेराबाइटच्या चार डिस्क, रेड-५ मध्ये बांधलेल्या. एक गेली तरी काम चालतं, दोन गेल्या की सगळं जातं. पहाटे ४.४० ला सगळं गेलं. चारपैकी तीन डिस्कना तेव्हा काहीही झालेलं नव्हतं.

दुपारी ४.४०. बारा तास बाकी.

सर्व्हरमध्ये आठ पोर्टचं सीरियल कार्ड बसवलं. रक्त तपासणारी पुष्कळ यंत्रं अजूनही सीरियल केबलनेच आकडे पाठवतात. आकडे पडद्यावर आले, बसवणारा निघून गेला.

एक गोष्ट कुणी तपासली नाही. या सर्व्हरवर एमएसआय बंद होतं. पूर्वी कधीतरी नेटवर्क कार्ड अडखळत होतं म्हणून बूटच्या ओळीत 'नोएमएसआय' लिहिलं गेलं, आणि काम झाल्यावर ते काढायचं राहून गेलं. एमएसआय चालू असेल तर प्रत्येक उपकरण आपला इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारी हाक, स्वतंत्र संदेशाने प्रोसेसरला कळवतं. ते बंद केलं की उपकरणं जुन्या सामाईक तारांवर येतात. डिस्कचा कंट्रोलर आणि हे नवं कार्ड, दोघांच्या वाट्याला सोळा नंबरची लाइन आली.

रात्री ८.०५. साडेआठ तास बाकी.

पुढचं सगळं या एका क्षणातून निघालं, म्हणून इथे थोडं थांबू. डिस्कला काम सांगितलं की प्रोसेसर तिच्यापाशी ताटकळत बसत नाही, दुसऱ्या कामाला लागतो. काम झालं की कंट्रोलर इंटरप्ट देतो, ड्रायव्हर तो घेतो आणि हिशेब पुरा करतो. लाइन सामाईक असेल तर तिच्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारलं जातं, हा तुझा का? दोन घरांत मिळून एकच टेलिफोन लाइन असावी, घंटा वाजत राहावी आणि दोन्ही घरांनी 'आमचा नाही' म्हणून रिसीव्हर उचलू नये, तसं आठ वाजून पाच मिनिटांनी झालं. सीरियल कार्डाच्या एका न वापरलेल्या पोर्टने इंटरप्ट दिला. ड्रायव्हरने तो पोर्ट उघडलेलाच नव्हता, त्याने हात वर केले. डिस्कच्या ड्रायव्हरनेही नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. कार्डाला कुणी शांत केलं नाही, त्यामुळे लाइन वाजत ती वाजतच राहिली.

हा सर्व्हर लिनक्सवर चालतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, यासाठी एक नियम आहे. एका लाइनीवरच्या १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० कुणीच आपले म्हटले नाहीत, तर ती लाइन बंद करायची. तसं केलं नाही तर प्रोसेसर त्या एकाच हाकेला ओ देत अडकून पडेल. लाखाचा आकडा भरायला वेळ लागत नाही. लॉगमध्ये दोन ओळी पडल्या: 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड' आणि 'डिसेबलिंग आयआरक्यू १६'. दोन्ही ओळी रात्रभर तिथेच होत्या.

रात्री १०.००

लाइन बंद झाली तरी डिस्क पुरती बंद पडत नाही, आणि घात होतो तो इथेच. कर्नल अशा बंद लाइनीवरच्या उपकरणांकडे सेकंदाला दहा वेळा स्वतःहून डोकावतो. म्हणजे डिस्कने काम क्षणात संपवलं तरी ते संपल्याचं कळायला सेकंदाचा दहावा भाग लागू शकतो. डेटाबेस प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पुढे सरकत नाही. एकामागून एक येणाऱ्या नोंदी आता सेकंदाला जेमतेम दहा.

सूचना देणारी व्यवस्था होती, पण ती डिस्कचं तापमान, रिकामी जागा आणि प्रोसेसरचा वापर एवढंच बघत होती. तिन्ही आकडे उत्तम होते.

रात्री ११.३०. पाच तास दहा मिनिटं.

'टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स' या ओळी पडू लागल्या. लोड, म्हणजे खोळंबलेल्या कामांचा आकडा, चाळिसाच्या वर आणि प्रोसेसर मोकळा. रात्रपाळीला बेळगावचा एक मुलगा होता. त्याने वरिष्ठांना फोन केला.

"सर, सीपीयू मोकळाय, पण सगळं डिस्कसाठी थांबलंय."

"मग डिस्कच गेली असणार. बघ कुठली."

वाक्य सरळ होतं, निष्कर्ष चुकीचा. डिस्कसाठी थांबणं आणि डिस्क बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रात्री १.१५. तीन तास पंचवीस मिनिटं.

त्या मुलाने चारही डिस्कचे स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी, काढले. बदललेले सेक्टर शून्य, केबलच्या चुका शून्य. त्याने ते कळवलंही. उत्तर आलं की स्मार्टवर विश्वास ठेवू नकोस, दोन नंबरची काढ आणि नवी घाल. दोनच का? लॉगमध्ये शेवटचं नाव तिचं होतं. एक निरोगी डिस्क खेचून बाहेर काढली गेली आणि रेड-५ चा सगळा आधार संपला.

माझ्या मते अनर्थ घडला तो याच मिनिटाला. ४.४० ला तो फक्त दिसला.

रात्री ३.००

नव्या डिस्कवर माहिती पुन्हा भरणं चालू होतं, सेकंदाला साधारण ५ मेगाबाइटने. ४ टेराबाइटला या वेगाने नऊ दिवस लागतात. एवढी कूर्मगती बघून तरी हात थांबायला हवा होता, कारण कोरी करकरीत डिस्कही तितकीच मंद चालत होती.

पहाटे ४.४०

उरलेल्या तीनपैकी एका डिस्कवर एक सेक्टर वाचता आला नाही. बरेच दिवस तो भाग कुणी वाचलाच नव्हता, म्हणून स्मार्टलाही त्याचा पत्ता नव्हता. सगळा संच महिन्यातून एकदा वाचून तपासण्याची सोय लिनक्समध्ये असते, इथे ती बंद होती. चार डिस्क जागेवर असत्या तर तो सेक्टर बाकीच्या तिघींवरून पुन्हा लिहिला गेला असता आणि कुणाला कळलंही नसतं. आता भरून काढायला चौथी नव्हती. ती डिस्कही संचाबाहेर फेकली गेली, फाइल सिस्टिम बंद पडली, डेटाबेस थांबला.

मला बोलावलं ते यानंतर. कुठल्या लाइनीवर किती इंटरप्ट आले ते दाखवणारी 'प्रॉक'मधली 'इंटरप्ट्स' ही फाइल उघडली तर सोळाव्या लाइनीचा आकडा लाखाच्या थोडा पुढे गोठलेला होता. दहा सेकंदांनी पुन्हा बघितलं, तोच आकडा. त्याच ओळीच्या टोकाला दोन ड्रायव्हरांची नावं शेजारी शेजारी होती.

इंटरप्टची ही धास्ती जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जो डॉक्टरेटचा प्रबंध दिला, तो एक्स-१ संगणकाचे इंटरप्ट सांभाळणाऱ्या प्रोग्रामवरच होता. हाक केव्हा येईल ते ठरलेलं नसतं, त्यामुळे झालेली चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ही भीती त्यांना तेव्हापासून होती.

सीरियल कार्ड काढलं, बूटच्या ओळीतला 'नोएमएसआय' काढला, आणि वेग पूर्ववत झाला. बाहेर काढलेली दोन नंबरची डिस्क कुणी पुसली नव्हती, हे नशीब. तिच्या आणि उरलेल्या डिस्कच्या प्रती काढून त्यांवर संच जोडला. १.१५ पर्यंतचे अहवाल परत आले. त्यानंतरच्या नोंदींपैकी काही यंत्रांच्या मेमरीतून मिळाल्या, काही मिळाल्याच नाहीत. त्या रुग्णांना पुन्हा उपाशीपोटी बोलावून रक्त घ्यावं लागलं.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एक विनंती. डिस्कला हात लावण्याआधी ती 'इंटरप्ट्स' फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा बघा. डिस्कवर काम चालू असूनही तिच्या लाइनीचा आकडा हलत नसेल, तर डिस्क जागेवर राहू द्या.