कागद दोन्ही हाती हवा

सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपल्या ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांचा चरितार्थ आज सेवेच्या धंद्यावर चालतो. कोणी मंडप घालतो, कोणी मोटारदुरुस्ती करतो, कोणी आडत सांभाळतो. दिलेला माल एखादे वेळी परत मागता येतो; केलेली सेवा परत घेता येत नाही. गिऱ्हाईक फिरले की सेवा करणाऱ्यापाशी उरतो तो केवळ कागद. हा कागद कसा असावा, याचा धडा आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे. तो आम्ही येथे मांडीत आहो.

गावगाड्यात बलुतेदाराने वर्षभर काम करावे व सुगीला खळ्यावर धान्य घ्यावे, अशी रीत होती. रोजच्या कामाची नोंद नसे. सारा गाव साक्षी असे. तथापि हक्काचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्यावर जमलेल्यांची नावे व निशाण्या पडत. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी अशा त्या निशाण्या असत. अक्षरशून्य माणसाचीही संमती कागदावर उमटे, हेच महजराचे बळ होते.

पुढे असा काळ आला की, कागद एकाच्याच हाती राहिला. सावकाराने वही लिहावी आणि कुळाने अंगठा उठवावा, असा व्यवहार झाला. दिनांक १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक सावकारांवर उठले व त्यांनी खते आणि वह्या जाळल्या. त्याच सालच्या सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातही असा प्रकार घडला. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या नोंदीची प्रत आपल्यापाशी नाही, तिजवर मनुष्य विश्वास ठेवीत नाही.

चौकशीअंती १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला व तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांस लागू करण्यात आला. आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव, वाळवा हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. या कायद्याने शेतकऱ्यास भरण्याची पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. म्हणजे कागद पुन्हा दोन्ही हाती आला.

न्यायालयाचीही दृष्टी हीच आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या ग्राह्य मानल्या. परंतु केवळ त्यांच्या आधारे दुसऱ्यावर देणे लादता येणार नाही, असेही सांगितले. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा अमलात आला, तरी हे तत्त्व कायम आहे.

सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे पाहा. माल जमिनीखाली बंद होतो. धन्यास तो डोळ्यांनी दिसत नाही. २००५ च्या महापुरात या पेवांची हानी झाली. अशा वेळी कोणाची किती पोती होती, हे ठेवतेवेळी केलेली आणि उभयतांनी मान्य केलेली नोंदच सांगू शकते.

तेव्हा आमचे तरुण बांधवांस सांगणे आहे की, काम घेताना दर, मुदत व कामाचा तपशील लिहून त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी व एक प्रत त्यास द्यावी. मध्येच काम वाढले तर ते त्याच दिवशी लिहावे. बहुतेक तंटे या तोंडी वाढीतूनच निघतात. रोजकीर्द रोजच्या रोज लिहावी, खतावणी तिजवरून घालावी. पैसे आल्यास पावती द्यावी; न आल्यास बाकीची लेखी कबुली घ्यावी. केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी दाव्याची मुदत सामान्यतः काम झाल्यापासून तीन वर्षांची आहे. मुदतीच्या आत सहीची कबुली मिळाल्यास ती नव्याने सुरू होते.

सही मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा संकोच पुष्कळांस वाटतो. तो त्यांनी सोडावा. प्रत देणारा मनुष्य गिऱ्हाइकासही तितकाच बांधील होतो आणि म्हणूनच त्याच्या शब्दास किंमत येते.