बाळाचे पहिले तीन दिवस

गाय व्याली कीं तिचें पहिल्या दोन-तीन दिवसांचें दाट, पिवळसर दूध महाराष्ट्रांतील कोणतीहि सुगरण टाकून देत नाहीं. त्या चिकांत गूळ व वेलदोडे घालून त्याचा खरवस होतो आणि तो शेजारींपाजारीं वाटला जातो. वासराच्या वाट्याचा चीक माणसांनीं किती घ्यावा हा प्रश्न निराळा. पण चीक ही मोलाची वस्तु आहे, याविषयीं घरांत दुमत नसतें. त्याच घरांत सून बाळंत झाली म्हणजे मात्र तिचा चीक पिळून टाकावा, बाळाला मध चाटवावा, एरंडेल द्यावें, गुळाचें पाणी कापसाच्या बोळ्यानें पाजावें, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं दूध ‘आलें’ म्हणजे मग त्याला अंगावर घ्यावें, अशी चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. या चालीचें खापर केवळ सुईणीच्या व आजीबाईच्या माथीं फोडणें अन्यायाचें होईल. तिच्यामागें पूर्वेच्या व पश्चिमेच्या मोठमोठ्या वैद्यांचा आधार होता.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत असें सांगितलें आहे कीं, प्रसूतीनंतर तीन-चार रात्रींनीं हृदयाशीं संबद्ध असलेल्या शिरा मोकळ्या होतात व मग स्त्रीला दूध येऊं लागतें. म्हणून पहिल्या दिवशीं बाळाला मध व तूप, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीं औषधानें सिद्ध केलेलें तूप, आणि त्यानंतर आईचें दूध, असा क्रम तेथें दिला आहे. चरकसंहितेचा ओघ थोडा निराळा आहे. जातकर्मांतील मधतुपाचा विधि उरकल्यावर आईनें प्रथम उजवा स्तन बाळाच्या मुखांत द्यावा, असें चरक सांगतो. तीन दिवस थांबण्याची अट तो घालीत नाहीं. लोकांनीं मात्र सुश्रुताचाच क्रम मनावर घेतला.

मौज अशी कीं, ज्या सुश्रुतसंहितेनें बाळाला तीन दिवस दूर ठेविलें, तिनेंच निदानस्थानांत दुधाचें खरें मर्म सांगून ठेविलें आहे. अपत्याच्या स्पर्शानें, दर्शनानें, नुसत्या स्मरणानेंहि दूध वाहूं लागतें आणि अखंड स्नेह हें त्या प्रवाहाचें कारण होय, असें तेथें म्हटलें आहे. बाळ स्तनाला लागलें कीं आईच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून ऑक्सिटोसिन नांवाचा द्रव रक्तांत येतो व त्यायोगें दूध सुटतें. बाळाच्या रडण्याच्या आवाजानेंहि हें घडूं शकतें. ही गोष्ट शरीरशास्त्राला विसाव्या शतकांत उलगडली. इतकें सूक्ष्म अवलोकन ज्यांच्या पदरीं होतें, त्यांनीं तें पहिल्या दिवसाला लावून पाहिलें नाहीं, याची चुटपूट लागल्याशिवाय राहात नाहीं.

पश्चिमेकडे तर मजल याहून पुढें गेली. इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं रोममध्यें वैद्यकी करणाऱ्या सोरानस या ग्रीक वैद्यानें असें लिहिलें कीं, आईचें दूध बहुधा वीस दिवसपर्यंत बाळाला मानवत नाहीं. तोंवर दाईनें पाजावें. बाळ जन्मतांच आईनें पाजावें, असें त्याच्या पूर्वींचा एक वैद्य म्हणून गेला होता. सोरानसनें त्याला दोष दिला, आणि पुढील कित्येक शतकें युरोपांत सोरानसचाच शब्द चालला.

एवढ्या जाणत्या माणसांची चूक कोठें झाली? त्यांचें पाहणें खोटें नव्हतें. पांढरें, भरपूर दूध खरोखरच दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास उतरतें. त्यापूर्वीं जें येतें तें थोडें, चिकट व पिवळें असतें. पहिल्या दिवशीं तर तें चमच्यांनींच मोजावें लागेल. हें दूध नव्हेच, हा गर्भकाळांतील सांचलेला मळ, असा तर्क त्यांनीं केला, आणि तेथें घात झाला. बाळाचें पोट त्या वेळीं इतकें लहान असतें कीं त्याला तेवढेंच पुरतें. शिवाय रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें या चिकांत नंतरच्या दुधापेक्षां पुष्कळच अधिक असतात. त्यानें बाळाचा काळा मळहि लौकर सुटतो. ज्यासाठीं एरंडेल द्यावयाचें, तें काम चीक आपोआप करीत असतो. मधाची गोष्ट तर आणखीच गंभीर आहे. १९७६ सालीं तान्ह्या मुलांत आढळणाऱ्या बॉटुलिझम या रोगाची ओळख पटली. त्याचे जंतु कधींकधीं मधांतून येतात. म्हणून वर्षाच्या आंतील बाळाला मध चाटवूं नये असें डॉक्टर सांगतात.

आणि आईचें काय झालें? चार दिवस कोणी न ओढलेले स्तन दाटून दगडासारखे होत, ताप चढे, गळवें होत. युरोपांत त्याला ‘दुधाचा ताप’ असेंच नांव पडलें होतें व तो प्रसूतीचा अपरिहार्य भाग समजला जाई. श्रोत्यांना ऐकून आश्चर्य वाटेल, पण दाटलेलें दूध काढण्यासाठीं तेथें कुत्र्याचें पिल्लूं स्तनाला लावीत. बाळ शेजारीं भुकेनें रडत आहे आणि चीक पिल्लाला जात आहे, असें तें चित्र! इतकें सोसून चौथ्या दिवशीं बाळ नीट ओढीना, कीं ‘हिला दूधच नाहीं’ असा ठपका बाळंतिणीवर यावयाचा.

पालट झाला तो लंडनमध्यें, आणि टाकलेल्या मुलांच्या निमित्तानें झाला. टॉमस कोरम नांवाच्या एका जुन्या दर्यावर्दी कप्तानाच्या खटपटीनें तेथें फाउंडलिंग हॉस्पिटल निघालें व १७४१ सालीं पहिलीं मुलें तेथें आलीं. हीं मुलें जगवावयाचीं कशीं, हा चालकांपुढें रोजचा प्रश्न होता. त्यांच्यापैकीं एकास ब्रिस्टलच्या विल्यम कॅडोगन या डॉक्टरनें पत्र लिहिलें. १७४८ सालीं तें पत्र निबंधरूपानें छापलें गेलें व त्याच्या पुष्कळ आवृत्त्या निघाल्या. आईचें पहिलें दूध रेचक असतें, तें निसर्गानेंच बाळाचें पोट साफ करण्यासाठीं योजिलें आहे, त्याला मुकविल्यास बाळाचें नुकसान होतें, असें त्यानें स्पष्ट म्हटलें. श्रीमंताघरचीं मुलें नाना पदार्थ चारून मरतात, आणि जिच्याजवळ चिंध्या व स्वतःचें दूध यांवेगळें कांहीं नाहीं अशा गरीब आईचें मूल धट्टेंकट्टें वाढतें, हें त्याचें निरीक्षण होतें. हें काम फार दिवस बायकांच्या हातीं राहिलें, आतां पुरुषांनीं हातीं घ्यावें, असेंहि त्यानें ऐटीनें लिहिलें. आरंभींचें दूध वाईट ठरविणारे सोरानसादि सर्व पुरुषच होते, याचा त्याला विसर पडला असावा.

लौकर पाजण्याची चाल पुढें लंडनच्या प्रसूतिगृहांत शिरली. १७७३ सालीं मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइटनेंहि तिचा पुरस्कार केला. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील पहिल्या महिन्याचे बालमृत्यु घटले, आणि त्याचा संबंध या एका बदलाशीं पोंचतो, असें इतिहासकार व्हॅलरी फाइल्ड्स यांनीं १९८६ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. नवें औषध नाहीं, यंत्र नाहीं. फक्त बाळ लौकर आईजवळ दिलें.

परंतु कॅडोगननें एक दार उघडून दुसरें लावलें. बाळाला दिवसांतून चार वेळांच पाजावें, रात्रीं मुळींच पाजूं नये, असा त्याचा दंडक होता. हा घड्याळाचा सोस विसाव्या शतकांत फारच बळावला. न्यूझीलंडमध्यें १९०७ सालीं बालसंगोपनाची संस्था काढणारा ट्रुबी किंग हा आईच्या दुधाचा कट्टा कैवारी. पण दर चार तासांनीं पाजावें, रात्रीं नाहीं, ही त्याची शिकवण. दुधाचा हिशेब उलटा आहे. स्तन जितका रिता होईल तितकें नवें दूध बनतें, आणि दूध बनविणाऱ्या प्रोलॅक्टिनचा जोर रात्रीं अधिक असतो. रात्र वगळली कीं दूध आटूं लागतें, मग बाटली येते. लीबिग या रसायनशास्त्रज्ञानें १८६५ च्या सुमारास कृत्रिम बालान्न प्रसिद्ध केलें, नेस्लेचें १८६७ सालीं निघालें. तेव्हांपासून बाटलींत भरावयास डब्यांची वाण पडली नाहीं. १९३९ सालीं सिंगापुरांत डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं, आईच्या दुधाऐवजीं डब्यांतील गोड दूध पाजावयास लावणें म्हणजे बालहत्याच, असें भर सभेंत सांगितलें. अशा डब्यांच्या जाहिरातींना आळा घालणारा जागतिक संकेत १९८१ सालीं व भारताचा कायदा १९९२ सालीं झाला.

दरम्यान प्रसूतिगृहांनीं पुन्हां तेच पहिले तीन दिवस हिरावून घेतले होते. बाळ निराळ्या दालनांत, आई निराळ्या खाटेवर, मधल्या वेळीं साखरेचें पाणी. मध गेला, पण मधाची जागा राहिलीच. १९८९ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं दहा पायऱ्यांचा नियम घालून दिला तो यासाठींच: जन्मानंतर अर्ध्या तासांत बाळाला पाजूं लागण्यास आईला मदत करावी, दोघांना एकत्र ठेवावें, मागेल तेव्हां पाजावें, वरचें कांहीं देऊं नये.

भारताच्या २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शेंकडा ८८.६ प्रसूति दवाखान्यांत झाल्याचें आढळलें. पण पहिल्या तासांत आईचें दूध मिळालेलीं मुलें शेंकडा ४१.८ च होतीं. पोट फाडून प्रसूति झालेली आई अनेकदां तासन्‌तास बाळापासून दूर राहते. अशा वेळीं जाणती परिचारिका आईच्या कुशीला बाळ आडवें लावते, त्याचें तोंड मोठें उघडूं देते, व नुसतें बोंड नव्हे तर भोंवतालचा काळा भागहि पुष्कळसा त्याच्या मुखांत जाईल असें पाहते. बाळ ओढीत नसेल तर ती चीक हातानेंच पिळते, कारण तो थोडा व घट्ट असल्यामुळें यंत्रानें नीट निघत नाहीं. आणि जे चार-सहा थेंब येतील ते चमच्यांत धरून बाळाच्या ओठांशीं नेते.