तात्यांची वही

आमच्या सासवडच्या घरी फियाट आली ती 1981 साली, तीही दुसऱ्याची आठ वर्षं वापरलेली. कारखाना कुर्ल्याला, कंपनी वालचंद हिराचंदांनी काढलेली, म्हणजे मूळ सोलापूरच्या माणसाची. 1964 पासून तिथं डिलाइट निघायची. पुढं तिची प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. नावं बदलली, गाडी तीच. 1089 सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. गावाच्या लेखी ती शेवटपर्यंत फियाटच.

नवी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, त्यामुळं जुनी मोडीत काढायचा प्रश्नच नव्हता. हल्ली लोक विचारतात, त्या गाड्या एवढ्या टिकायच्या कशा? टिकायच्या कुठल्या! टिकवायला लागायच्या.

तात्यांनी त्यासाठी एक वही घातली होती. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे. मीटरला आकडे पाचच. 99999 झाले की पुन्हा शून्य. म्हणून पानाच्या डोक्यावर ते ‘1 लाख +’ लिहायचे, नाहीतर जुनी गाडी आकड्यावरून नवी वाटायची. (विकणाऱ्यांना ते सोयीचंच होतं म्हणा.) नळीतून निळा धूर यायला लागला, ऑइल खायला लागली, की पुण्याला नाना पेठेत. इंजिन खोलायचं, सिलिंडर बोअर करायचे, मोठ्या मापाचे पिस्टन, नव्या रिंगा. असं दोनदा झालं. मिस्त्री म्हणाले, “तात्या, आता भिंती पातळ झाल्या. परत बोअर नाही, स्लीव्हच ठोकायला लागंल.” पॉइंट, क्लच प्लेट, किंगपिन ही तर किरकोळ कामं. पेठेत सगळं मिळायचं. नवं नसलं तर जुन्या गाडीचं काढलेलं.

त्याच मिस्त्रींनी बजावलं होतं, एक जादा फॅनबेल्ट कायम डिकीत ठेवा.

मार्च 1986. अंजिराचे दिवस. पाट्या बसवायला तात्यांनी डिकी रिकामी केली आणि बेल्ट राहिला गोठ्यात. त्याच रात्री थोरल्या बहिणीला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, पुण्याला हलवा. दिवे घाटात तोंडाशीच बेल्ट तुटला. पाण्याचा पंप, पंखा, डायनॅमो, तिन्ही त्याच एका पट्ट्यावर. उतार होता म्हणून वडकीपर्यंत निभावलं, पुढं सपाटी. दोन मैल चालवायची, काटा लाल झाला की थांबायचं. झाकण गार झाल्याशिवाय उघडता येत नाही, नाहीतर वाफेनं हात भाजतो. मागच्या सीटवर बहीण कण्हतेय, आई तिचा हात धरून बसलेली, आणि तात्या अंधारात बॉनेटशी उभे, तोंडातून अवाक्षर नाही. दिवे मिणमिणायला लागले होते.

ससूनला पोचलो तेव्हा फटफटलं होतं. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

इंजिनाची मात्र वाट लागली. गॅस्केट जळलं, हेड वाकलं. लेथवर फेस करून घ्यावं लागलं. पुढं मारुत्या दिसू लागल्या, 2000 च्या सुमारास पद्मिनी निघायचीच बंद झाली. आमची तोवर संगम पुलाजवळच्या आरटीओत पासिंग करून घेत चालत होती. शेवटी विकली, वही राहिली.

ती भाची आता दोन पोरांची आई आहे. परवा आली तेव्हा वही चाळत बसली. 1986 च्या पानावर थांबली. तिथं तात्यांच्या अक्षरात होतं: हेड फेसिंग, गॅस्केट, फॅनबेल्ट दोन नग. पैशाच्या रकान्यात आकडा, आणि त्याच्यापुढं ‘चूक माझी’.